तळतळ, चमकी आणि वहीतला रिकामा रकाना

आमच्या शेजारी तेलुगू बोलणाऱ्या अक्का राहायच्या. सोलापूरचा पूर्वभाग, पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग, त्यामुळे दिवसभर खडखडाट आणि आमचं सगळं बोलणं चढ्या आवाजात. एकदा विड्या वळता वळता अक्का आईच्या घासलेल्या तांब्याकडे बघून म्हणाल्या, "तळतळ मेरुस्तोंदि." मी चरकले. मराठी कानाला तळतळ म्हणजे कुणाचा तरी जीव जळणं, शाप लागणं. अक्का तर कौतुक करत होत्या. तेलुगूत तळतळ म्हणजे लखलख.

पुढे एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं आणि प्रकल्पासाठी शब्दांतल्या सादृश्याचा विषय निवडला, तो या तांब्यामुळे. या विषयाला आयकॉनिसिटी म्हणतात. शब्दाचं किंवा खुणेचं रूप त्याच्या अर्थासारखं असणं, एवढाच त्याचा अर्थ. नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहिते आहे.

सुरुवातीला सोस्यूर हा स्विस भाषाशास्त्रज्ञ वाचावा लागतो. त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1916 साली आलं. शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक आहे, म्हणजे अमुक अर्थाला अमुकच शब्द का, याला कारण नसतं, हे त्यातलं सूत्र. ते वाचलं आणि मला मराठीच आठवायला लागली. खळखळ, धडधड हे आवाजाचे शब्द सोडूनच द्या. लुकलुक, झगमग, मिणमिण हे तर उजेडाचे शब्द, त्यांना आवाज कुठे आहे? घमघमाट नाकाचा, गुळगुळीत आणि खरखरीत बोटांचे, आणि हुरहुर, धाकधूक, रुखरुख तर थेट मनातल्या. शाळेच्या व्याकरणात यांना अभ्यस्त आणि अनुकरणवाचक शब्द म्हणून अर्ध्या पानात उरकतात. आफ्रिकेतल्या भाषांचे अभ्यासक अशा शब्दांना आयडिओफोन म्हणतात. क्लेमेंट डोक यांनी 1935 मध्ये ती संज्ञा रूढ केली. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांत हा प्रकार सारखाच मुबलक आहे, हे भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1969 च्या लेखात दाखवलं. सोलापुरात त्यासाठी ग्रंथालयातही जावं लागत नाही. एका चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते.

आता माझी चूक सांगते, कारण ती प्रत्येक नवा विद्यार्थी करतो. मी दीडशे शब्दांची यादी केली, समोर अर्थ लिहिले आणि ओळखीच्या लोकांना विचारत सुटले, "किणकिण हा शब्द बारीक आवाजासारखा वाटतो ना?" सगळे म्हणाले, वाटतो. खणखण मोठ्या आवाजासारखा वाटतो ना? वाटतो. माझे तक्ते भरत गेले. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: अर्थ आधी सांगितलास का? तीन महिन्यांचं काम तिथेच बाद झालं. अर्थ कळला की सारखेपणा दिसतोच. तळतळ हा शब्द लखलखीसारखा आहे असं अक्का शपथेवर सांगतील आणि जळफळाटासारखा आहे असं मी सांगेन. तेलुगूत 'चकचका' म्हणजे भरभर. आपल्याला मात्र त्यात फरशी चकचकीत झालेली दिसते.

म्हणून सगळं थोतांड, असंही नाही. 'इ' लहान वाटतो आणि 'आ' मोठा, हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ सपीर यांनी 1929 मध्ये 'मिल' आणि 'माल' अशा बनावट शब्दांवरून तपासलं होतं. आपलं चिमुकलं, पिटुकलं, टिपूस त्या बाजूला उभं राहतं. पण 'लहान'मध्ये 'आ' आहे आणि 'विशाल'मध्ये 'इ', हेही वहीत लिहायचंच. टोकदार आकाराला 'किकी' आणि गोलाकाराला 'बूबा' म्हणण्याचा कल 2022 मध्ये 25 भाषांच्या भाषकांवर तपासला गेला आणि बहुतेक भाषांत दिसला. तुम्ही हा प्रयोग केलात तर शब्द लिहून दाखवू नका, ऐकवा. आपला 'ब' लिहितानाच पोट काढतो, मग निकाल कानाचा की डोळ्याचा, हे कळत नाही. 2016 मध्ये डच लोकांना पाच परक्या भाषांतले आयडिओफोन ऐकवले, तेव्हा त्यांचे अंदाज नुसत्या नशिबाच्या वर होते, पण थोडेच. आवाजाचे शब्द त्यातल्या त्यात जास्त ओळखले गेले. मला हे 'थोडेच' फार मोलाचं वाटतं.

कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेकडे मी उशिरा वळले, आणि तुम्ही तसं करू नये असं मनापासून वाटतं. भारतीय सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या आमच्या शिक्षिका स्वतः कर्णबधिर. पहिल्या दिवशी त्यांनी नाकपुडीच्या बाजूला बोट टेकवलं आणि आम्हाला अर्थ ओळखायला लावला. कुणी सर्दी म्हणालं, कुणी वास, मी म्हटलं राग. अर्थ निघाला स्त्री. चमकीची जागा! मग त्यांनी मिशीची खूण केली, पुरुष. ती मात्र सगळ्यांनी एकदम ओळखली. शिक्षिकांच्या नाकात चमकी नव्हती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्याही नव्हती. खूण तीच राहते, चमकी असो वा नसो. अमेरिकन खुणांच्या भाषेत पुरुषाची खूण कपाळापाशी, टोपीच्या जागी जाते. झाडाचं तर प्रसिद्ध उदाहरण आहे: अमेरिकन खुणेत कोपरापासून उभा हात म्हणजे खोड आणि पसरलेली बोटं म्हणजे फांद्या, डॅनिश खुणेत हात झाडाचा घेर हवेत रेखतात, चिनी खुणेत दोन्ही हात खोड धरून वर सरकतात. तिन्ही झाडासारख्या, आणि तिन्ही वेगळ्या. क्लिमा आणि बेलुगी या अभ्यासकांच्या 1979 च्या पुस्तकात हे सविस्तर आहे. ऐकू येणाऱ्या आणि खुणांची भाषा न येणाऱ्यांना बहुतेक खुणांचा अर्थ नुसता बघून ओळखता आला नाही, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून 'खुणांची भाषा म्हणजे हावभाव, ती सगळीकडे एकच' असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. तिला व्याकरण आहे, आणि ती शिकायला वर्षं लागतात.

शिकायचं असेल तर भाषाविज्ञानासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि दिल्लीचं 2015 साली सुरू झालेलं भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश व्हिडिओंसकट उपलब्ध आहे. तो पाहताना आधी आवाज आणि अक्षरं झाका, अंदाज लिहा, मग अर्थ बघा.

बोललेले शब्द गोळा करताना व्हिडिओ घ्याच. सुटा शब्द मागू नका, घडलेला प्रसंग सांगायला लावा. यंत्रमाग चालवणाऱ्या काकांना मी "खटखट म्हणजे काय" विचारलं तर ते नुसते बघत राहिले. "धोटा अडकला तेव्हा काय झालं" विचारल्यावर "खट्ट झालं, अन् फटकन धागा तुटला" म्हणाले, आणि 'फटकन'वर त्यांचा हात झटक्यात बाजूला गेला. आवाजाच्या यादीत तो हात कुठेच नसता.

आता माझ्या वहीत चार रकाने असतात: शब्द किंवा खूण, हाताची हालचाल, न सांगता केलेला अंदाज, आणि खरा अर्थ. शेवटचा रकाना तिसरा भरेपर्यंत रिकामा. गेल्या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फिरताना पुण्याच्या मैत्रिणीला मी अक्कांचा 'तळतळ' ऐकवला, अर्थ न सांगता. तिने तिसऱ्या रकान्यात लिहिलं: काहीतरी तळतंय.