वजनाच्या निकषावरून झालेली सेवामुक्ती: माझा अर्ज

अमेरिकी सैन्यदलातून वजनाच्या निकषावरून सेवामुक्त झाल्यानंतर माझ्या थायरॉईडच्या विकाराचे निदान झाले. सेवामुक्तीचे कारण बदलून घेण्यासाठी सेवामुक्ती पुनर्विलोकन मंडळाकडे डीडी २९३ हा अर्ज १५ वर्षांच्या आत करता येत असल्याने मी तोच मार्ग निवडला. सेंट लुईसच्या अभिलेख केंद्रातून सेवाकाळातील वैद्यकीय नोंदी मागवल्या, तेव्हा सततचा थकवा आणि वाढते वजन यांच्या तक्रारी त्यांत सापडल्या. माझ्या मते प्रकरणाचा कणा त्याच होत्या, कारण नंतरचे निदान एकटे पुरत नाही, विकार सेवेत असतानाच होता हे दाखवावे लागते. डॉक्टरांनी पत्रात नेमका हाच संबंध स्पष्ट केला. (प्रशस्तिपत्रेही जोडली, त्यांचा उपयोग कितपत झाला, कोण जाणे.) मंडळाने सेवामुक्तीचे कारण बदलले आणि डीडी २१४ हे सेवामुक्तीचे प्रमाणपत्र नव्याने मिळाले.