मफलरच्या गुंडाळणाऱ्या कडा

भाचीने विणलेला मफलर दोन्ही बाजूंनी आत वळून नळीसारखा झाला होता. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत हे होणारच. पुढची आणि मागची बाजू सारखी ताणली जात नाही, मग कडा वळतात. इस्त्रीचा सल्ला बरेच जण देतात. तो ॲक्रिलिक लोकरीला तरी नकोच. गरम इस्त्रीने ती लुळी पडते, पुन्हा उभारी धरत नाही.

उसवायचं जिवावर आलं होतं. म्हणून लांब गोल सुईने कडेवरून टाके उचलले. दर चार ओळींना तीन टाके. प्रत्येक ओळीला एक उचलला तर काठाला झालर येते. विणायला ८ नंबरची सुई होती, काठाला १० नंबरची, म्हणजे त्याहून बारीक, घेतली. जाताना सुलट, येताना सुलट, अशा आठ ओळी विणून टाके सैलसर बंद केले. दुसऱ्या बाजूलाही तेच. कडा बसल्या, किंचित वळतात, पण गळ्यात कळत नाही.

टोपीला मात्र ही वळणारी कड मुद्दाम ठेवावी, छान दिसते. नवी शाल विणायला घेताना, कडा कमी वळाव्यात म्हणून, दोन्ही कडांचे पाच-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणा.