जुन्या मारुती ८०० ला पेट्रोल पोचत नाही? आधी कुठे अडतंय ते शोधा

माझी मारुती ८०० १९९४ सालची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). दोन उन्हाळ्यांपूर्वी साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना बंद पडायला लागली. गावात मस्त, सपाट रस्त्याला काही तक्रार नाही, घाट लागला की झटके, मग पिकअप गायब, आणि कडेला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी परत चालू. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला, मग पंप बदलला, मग परत कार्बोरेटर खोलला. शेवटी निघालं काय, तर टाकीजवळची वीतभर रबरी नळी! म्हणून सांगतो, काहीही विकत आणायच्या आधी पेट्रोल नक्की कुठपर्यंत येतंय ते बघा, आणि कार्बोरेटरकडून मागे मागे टाकीकडे जा. एक दुपार पुरते.

पण आधी, प्रॉब्लेम पेट्रोलचाच आहे का? करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, गेला तर गाडी बहुतेक वेळा दिवा विझवल्यासारखी एकदम बंद होते. पेट्रोल कमी पडतंय तर ती आधी कुरकुरते, झटके खाते, पाय थोडा सोडला की सावरते, दाबला की परत मरते. तरी गरम झालेली इग्निशन कॉईलसुद्धा (हीच प्लगला करंट देते) असंच नाटक करते, थंड झाली की चालू, त्यामुळे गाडी बंद पडलेली असतानाच एक प्लग काढून करंट बघून घ्या. घरी आल्यावर बघून उपयोग नाही, तोवर सगळं ठीक झालेलं असतं.

आता काम. उघड्यावर करा, इंजिन थंड असू दे, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, आणि जिथे नळी सोडून सेल्फ मारायचा आहे तिथे कॉईलची बारीक पॉझिटिव्ह वायर आधी काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. तोंडाने पेट्रोल ओढू नका. सगळे ओढतात, मीही ओढलंय, ते फुफ्फुसात गेलं तर हॉस्पिटलच गाठावं लागतं.

एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली म्हणजे बाउलमध्ये, कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. गाडी नुकतीच बंद पडलीय आणि पिचकारी कोरडी, तर बाउल रिकामा, म्हणजे मागून पुरवठा नाही. या कार्बोरेटरला बाजूला एक छोटी गोल काच असते, त्यातूनही लेव्हल दिसते, फक्त ती पुसायला लागते कारण वर्षानुवर्षं कोणी तिच्याकडे बघितलेलं नसतं. बाउल भरलेला आहे पण गाडी फक्त स्लोवरच (पाय सोडल्यावर) बंद होते असं असेल तर कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची) वायर बघा, चावी ऑन केली की टक् आवाज आला पाहिजे. बऱ्याचदा ती वायर नुसती निघालेली असते.

बाउल रिकामा असेल तर पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी सोडा, बाटलीत धरा, दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल थांबून थांबून पण जोरात उडालं पाहिजे. तसं आलं तर पंप ठीक, आणि अडलंय ते कार्बोरेटरच्या तोंडाशी, जाळीत कचरा किंवा बाउलमध्ये पेट्रोल सोडणारी निडल चिकटलेली. नुसतं टिपकत असेल किंवा फसफसत बुडबुडे येत असतील तर पंप किंवा त्याच्या मागचं काहीतरी.

इथेच लोक पंप बदलून मोकळे होतात (मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात, एसीशी काही संबंध नाही). थांबा. पंपाची टाकीकडून येणारी नळी काढा, तिथे एक छोटी नळी लावून तिचं टोक ताज्या पेट्रोलच्या बाटलीत बुडवा आणि परत सेल्फ मारा. आता पेट्रोल जोरात आलं तर पंप निर्दोष आहे, चोर मागे आहे. नाही आलं तरच पंप. पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला असेल तर अजून एक खूण मिळते, ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आणि ऑइलची लेव्हल आपोआप वाढलेली, तर गाडी अजिबात चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला. नवा पंप लावताना पंप आणि इंजिनच्या हेडच्या मधला उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर परत बसवा. तो विसरला की उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि मग घाटात ओलं फडकं गुंडाळत बसा.

मागची बाजू तपासायला सगळ्यात सोपं म्हणजे टाकीचं झाकण. बंद पडली की झाकण उघडा, सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी सुरळीत चालली तर झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) बंद आहे. ते नाही तर पेट्रोलचा फिल्टर बदला, तसाही स्वस्त आहे. मग पंपाकडची नळी सोडून, टाकीचं झाकण उघडं ठेवून, पायपंपाने हळू हवा मारा आणि कोणाला तरी टाकीच्या तोंडाशी ऐकायला उभं करा. बुडबुड ऐकू आलं पाहिजे. हवा मारल्यावर गाडी दोन दिवस चालते आणि परत तेच, तर टाकीत गंज आणि कचरा आहे, टाकी उतरवून धुवायलाच लागते.

आणि आता माझी नळी. टाकीपासून पंपापर्यंतचं पेट्रोल पंप ओढून घेतो, त्यामुळे त्या भागात नळीला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, उलट नळी हवा घेते. खाली डाग नाही, वास नाही, म्हणून कोणी तिकडे बघतच नाही. माझी क्लिपखाली चिरली होती. टाकी फुल असताना त्रास कमी, अर्ध्याच्या खाली आली की घाटात हमखास, ही खूण मला फार उशिरा कळली. नळी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या की बदला. आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, त्यामुळे घेताना इथेनॉल चालणारीच फ्युएल होज मागा. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी लावू नका, ती कडक होऊन सटकते.

गाडी महिनोन्महिने उभी असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे, पावसाळ्यानंतर हे हमखास बघा.

२००० नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला हे वरचं बरंचसं लागू नाही. तिचा पंप टाकीत आणि इलेक्ट्रिक, चावी ऑन केली की मागून दोन-तीन सेकंद गूं आवाज येतो. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंपाचा कनेक्टर. पण तिच्या लाइनमध्ये प्रेशर असतं, नळी अशी सोडायला जाऊ नका, डोळ्यात उडेल.

नळी किंवा टाकीचं काम झालं की चारपाचशे किलोमीटरनंतर फिल्टर परत एकदा बघा. माझ्यात तेवढ्यात चहाच्या चोथ्यासारखा गंज जमला होता.