वडापाव गिळू नका, चावा! (कसा ते बघा)

दादरला लोकल यायला दोन मिनिटं आणि हातात गरम वडापाव, मग काय, चार घासांत संपवायचा, वर बाटलीतलं पाणी ढकलायचं आणि घुसायचं डब्यात, की ठाण्यापर्यंत पोटात दगड. मी कित्येक वर्षं हेच केलंय. आज्जी ओरडायची, "अरे पोटाला दात नसतात!"

आधी घरी एक करून बघा. साध्या भाताचा एक घास तोंडात घ्या (पाव नको, त्यात मुळातच साखर असते, चीटिंग होईल) आणि गिळायचा नाही, मिनिटभर नुसता चावत राहायचा. आधी पचपचीत, मग हळूच गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम (पचनाला मदत करणारं रसायन) भातातल्या स्टार्चची साखर करतंय, म्हणजे पचन तोंडातच सुरू. दिवसाला १ ते दीड लिटर लाळ सुटते, ती काय नुसती चिंच बघून सुटायला नाहीये.

आता वडापाव. घास ओठ मिटतील एवढाच, पुढच्या पटाशीच्या दातांनी तोडा आणि जिभेने मागे दाढांकडे सरकवा, दळायचं काम त्यांचं. सुळ्यांना इथे सुट्टी, ते मटणाच्या दिवशी. ३२ वेळा मोजत बसू नका, बटाट्याची गुठळी आणि मिरचीची साल जिभेला लागेनाशी झाली की गिळा. आणि दोन्ही बाजूंनी चावा. मी कीड लागलेली दाढ वाचवत वर्षभर एकाच बाजूने चावत होतो, शेवटी रूट कॅनल झालंच, तेव्हा दुखत असेल तर आधीच दाखवून या.

गिळल्यावर आपल्या हातात फार काही नाही. अन्ननलिका घास स्वतः ढकलते, उलटं लटकून खाल्लं तरी तो जठरातच जाणार. तिथे अ‍ॅसिड आणि पेप्सिनमध्ये (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) घुसळण, आणि तेलकट माल जास्त वेळ मुक्काम करतो, म्हणून दोन वड्यांनंतर रात्रीचं जेवण जात नाही. पुढे लहान आतडं, साधारण ६ मीटर, तिथे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळून बहुतेक सगळं शोषलं जातं. मोठं आतडं मुख्यतः पाणी ओढून घेतं.

खाऊन लगेच आडवं पडू नका, अ‍ॅसिड वर येतं (लोकलमध्ये तो प्रश्नच नाही म्हणा). आणि वर कोकम किंवा लिंबू सरबत प्यालात तर लगेच ब्रश नको, आंबटाने दाताचं इनॅमल (वरचं कडक आवरण) थोडा वेळ मऊ पडतं, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.