आत्याच्या गालावरचा रवा

बाबांच्या निगेटिव्ह बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडल्या. पहिली स्कॅन केली ती सूरसागर तळ्याच्या काठावरची: आत्या कठड्याला टेकून उभी, मागे पाणी आणि नुसतं आकाश. (शंकराची मूर्ती तेव्हा तळ्यात नव्हती.) मोठं करून पाहते तर आत्याचा गाल म्हणजे रव्याचा लाडू! मी लगेच स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधलं, कण पुसणारं 'ग्रेन रिडक्शन' पूर्ण ओढलं. रवा गेला, पण साडीची वीणही गेली आणि आत्या मेणाची झाली.

तेव्हापासून माझा नेम असा: फिल्मची पट्टी न हलवता तीच फ्रेम दोनदा स्कॅन करायची. दोन्ही फाइली एकावर एक ठेवायच्या आणि 100 टक्क्यांवर वरची दाखवत-लपवत बघायचं. जागचे न हलणारे ठिपके फिल्मचे, म्हणजे ग्रेन. दरवेळी जागा बदलणारे स्कॅनरचे, म्हणजे नॉइज. लांबच लांब सरळ रेघ मात्र दोन्हींत तशीच दिसली तरी फिल्मला दोष देऊ नका. आधी स्कॅनरची काच पुसा.

आत्याच्या गालावरचा रवा हलला नाही. पट्टीच्या काठावर 'ओरवो एनपी 27' लिहिलंय. हे फिल्मचं नाव, आणि 27 हा तिचा वेग: 27 डिन म्हणजे 400 एएसए (वेग मोजायची दोन मापं). वेगवान फिल्म, कण जाड असायचेच. त्याला मी आता हात लावत नाही. आकाश मात्र मुंग्या फिरल्यासारखं वळवळत होतं. निगेटिव्हमध्ये आकाशच सगळ्यांत काळं असतं, त्यातून सेन्सरपर्यंत उजेड कमी पोचतो, म्हणून नॉइज फोटोच्या पांढऱ्या भागात दिसतो. डिजिटल कॅमेऱ्याची सवय झालेले तो सावलीत शोधत बसतात. मीही बसले होते.

याला औषध मल्टी-सॅम्पलिंग. 4 वेळा वाचून सरासरी काढली की नॉइज निम्मा, 16 वेळा वाचून पाव. मी 4 वरच थांबते; 16 ला एका फ्रेममध्ये चहा पिऊन कप विसळून होतात. स्कॅनर एकेक ओळ जागच्या जागी पुन्हा वाचत असेल तर उत्तम. पहिल्यापासून नवी फेरी मारत असेल तर दरवेळी केसभर चुकतो आणि कडा पुसट होतात.

बाकी सेटिंग: 16 बिट ग्रेस्केल, टिफ फाइल, शार्पनिंग बंद. 2400 डीपीआयला (इंचाला 2400 ठिपके) कण आणि पिक्सेल एकमेकांत अडकून ग्रेन खऱ्यापेक्षा जाड दिसू शकतो. स्कॅनरला खरोखर जमत असेल तर 4000 च्या पुढे स्कॅन करून मग लहान करा. धूळ काढणारं इन्फ्रारेड कृष्णधवल फिल्मला लावू नका. तिच्यातलं चित्र चांदीच्या कणांचं, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि ते बिचारं चित्रालाच धूळ समजतं. धूळ ब्लोअरनेच उडवा.

संध्याकाळी फिल्मला उजेड द्यायला बाबांचा हात आखडता असे. त्या फिक्या, पातळ निगेटिव्हमधल्या सावल्या उजळायला गेलात की ग्रेन अंगावर येतो. काळं काळंच राहू द्या.

आत्याला 5×7 ची प्रिंट दिली. तिने चष्मा लावला, पदरावर बोट ठेवलं. "ही साडी वहिनीनं एका लग्नाला नेसायला नेली," म्हणाली, "साडी परत आलीच नाही."