रीफ टँक भिंतीत बसवताय? आधी मागची बाजू बघा

भिंतीतला रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ नि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) हॉलमधून फोटोसारखा दिसतो, पण सगळं काम मागच्या खोलीतून असतं, त्यामुळे हात, जाळी आणि अख्खा स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) बाहेर निघेल एवढी जागा वर नि मागे सोडाच. सुताराला हे पटत नाही, पटवा. ३०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच ३०० किलोच्या वर, दगड-वाळू-काच वेगळी, म्हणून इंजिनिअरला विचारल्याशिवाय भिंत फोडू नका, मधे बीम आला तर विषयच संपला.

जुन्या टँकमधून सगळं या नव्या टँकमध्ये हलवायच्या आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात समुद्री टँकचं मीठ कालवून पंप चालू ठेवा, सॅलिनिटी (खारेपणा) नि तापमान जुन्या टँकइतकंच (माझ्याकडे १.०२५ आणि २६ डिग्री). मग आधी जुन्या टँकमधलं वरचं स्वच्छ पाणी ड्रममध्ये, त्यात कोरल, मग दगड, तेही बुडलेलेच राहू देत, आणि मासे शेवटी, कारण दगड निघाले की त्यांना लपायला जागाच उरत नाही. ड्रममध्ये बॅटरीवाला एअर पंप सोडा.

जुनी वाळू मात्र नको हं. मी लोभाने तशीच ओतली, खालचा काळा थर ढवळला गेला, सडक्या अंड्यांचा वास घरभर आणि दोन दिवसांत अमोनिया वर!

नवीन लाईट सुरुवातीला निम्म्यावरच. वायरी सॉकेटच्या खाली लोंबत्या ठेवा म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तर हवाच. टँकच्या कपाटाला एक्झॉस्ट फॅन पण लावा, खारट दमट हवेने माझ्या बिजागऱ्या चार महिन्यांत गंजल्या.