दलित मुलींपर्यंत कॉलेजची मदत खरंच पोचवायची तर काय करावं

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजातल्या सर-मॅडमसाठी लिहितेय. पहिलं काम ऑफिसातच आहे, मधेच कॉलेज सोडून गेलेल्यांची यादी काढा पण मुली वेगळ्या आणि मागासवर्गीय वेगळे असं नको, दोन्ही एकत्र धरून बघा, एससी मुली किती, भटक्या-विमुक्त मुली किती. का सांगते. अमेरिकेत काळ्या बायकांनी जनरल मोटर्स या गाड्यांच्या कंपनीवर भेदभावाची केस केली होती, १९७६ ला कोर्ट म्हणालं कंपनी बायकांना घेतच आलीय (त्या गोऱ्या होत्या), आणि रंगाचं म्हणाल तर काळ्यांची दुसरी केस चालू आहे तिकडं जा, काळी बाई म्हणून वेगळं काही मागता येणार नाही. तिथल्या कायद्याच्या प्राध्यापक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ ला हेच उघडं पाडलं. आपल्याकडं महिला समिती असते, मागासवर्गीय सेल असतो, आणि जतहून आलेली वडार समाजातली मुलगी दोन्हीकडून सुटते.

वर्गात "स्कॉलरशिपवाले हात वर करा" हे आजच बंद करा. सगळ्या वर्गासमोर जात विचारल्यासारखंच आहे ते, आणि मग शेजारची मुलगी डबा लांब सरकवते. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, मेसेज ज्याला त्याला मोबाईलवर पाठवा. एससीसाठी उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे, बँक खातं आधारला जोडलेलं हवं, बरेच पैसे तिथंच अडकतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आधी ते तपासून घ्या.

एसटी बसचंही बघा. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत असतो, पुढं सवलतीचा का असेना पण पैसे लागतात. इंग्रजी-गणिताचा जादा तास संध्याकाळी ठेवला तर दहिवडी, पाटणकडच्या मुली येणारच नाहीत, शेवटची गाडी चुकते आणि घरचे कॉलेजच बंद करतात. तास दुपारी घ्या आणि सगळ्यांना खुला ठेवा, "कच्च्यांचा वर्ग" असं नाव चुकूनही पडू देऊ नका.

तक्रारीचं मात्र नीट करा. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय, त्यांचं नाव-नंबर लेडीज रूममध्ये लावा, तक्रार समितीत एक तरी दलित बाई घ्या. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक बसवा, म्हणजे मार्क एकाच्याच मनावर राहत नाहीत. आणि मुलगी तक्रार घेऊन आली की तिला विचारल्याशिवाय वडिलांना फोन करू नका, कारण बऱ्याच घरांत "भांडण नको, घरी ये" हेच उत्तर येतं.